आधी कठडा

दैवशाला रिकामं घमेलं काखेत धरून जिना चढली आणि गच्चीवर सुग्रीव मिस्त्रीला बघून दारातच थांबली. तीन वर्षांनी ती त्याला बघत होती. तो उकिडवा बसून दोरीने चौकोन आखत होता. त्यानेही मान वर केली. हातातली दोरी सैल पडली. मग पुन्हा खाली बघून त्याने ती ताणून धरली.

“काकासाहेबानं पाठवलं व्हय?” त्याने विचारलं.

“हां. कुणाच्या हाताखाली, ते बोलला न्हाई.”

सुग्रीव अंबडला आलाय हेच तिला ठाऊक नव्हतं; अड्ड्यावरच्या मुकादमाने, काकासाहेबाने, नाव सांगितलं असतं तर ती आलीच नसती. पण अंबडच्या मजूर अड्ड्यावर दहा वाजून गेले की उरलेल्या बायकांना काम मिळत नाही, आणि आता दहा वाजून गेले होते. तिने पदर खोचला आणि वाळूच्या ढिगाकडे गेली.

घर राधाकिसन आणि प्रेमलाचं होतं. राधाकिसन एसटीत वाहक होता, प्रेमला घरी कपडे शिवायची. घराच्या दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांनी मजले चढवले होते, त्यामुळे मधल्या खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागायचा. शिलाईचं मशीन त्याच खोलीत. काळ्या कापडावर काळा दोरा दिसेना, तेव्हा प्रेमलाने नवऱ्याच्या मागे लकडा लावला होता. तिच्या माहेरी मातीच्या माळवदाला सानं, म्हणजे उजेडासाठी सोडलेलं भोक, होतं, त्यातून चूल आणि जातं दोन्ही उजळून निघायचं. तसंच काहीतरी स्लॅबला करायचं, वर काच बसवायची, आणि पावसाळ्याआधी सगळं उरकायचं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

“आजच्या आज स्लॅब कापून घ्या,” राधाकिसन वर येऊन म्हणाला. “उद्या काचवाल्याला बोलावतो. चार बोटं कठडा केला तरी पुरे. उगी गच्चीच्या मधोमध ओटा नको.”

“कठडा एक फूट राहील,” सुग्रीव म्हणाला. “चार बोटं केला तर पाणी साचलं की सरळ तुमच्या मशीनवर. आन् एका अंगाला दोन इंच जास्ती, म्हंजे काचंवरून पाणी घसरंल.”

“बरं, फूट करा. पण कापा तर.”

“आधी कठडा. मंग भोक.”

राधाकिसनला ते समजेना. “अहो, भोक पाडल्याशिवाय कठडा कुठं बांधणार? सगळे आधी कापतात.”

“सगळे कापत असतील. आपण आखून घेतलं हाय. त्याच्या भवती कठडा ओतायचा, आठ दिवस पाणी मारायचं, पक्का झाला की मधला तुकडा कटरनं कापायचा. उघडं भोक मी एक घंटाबी ठेवणार न्हाई.”

“आठ दिवस?”

“जल्दी असंल तर दुसरा मिस्त्री बघा. मी दोरी गुंडाळतो.”

तो खरोखरच दोरी गुंडाळू लागला. प्रेमला जिन्यात उभी होती. ती म्हणाली, “राहू द्या हो. आठ दिवसांनी काय बिघडतंय?”

दैवशाला वाळू चाळत होती. उघडं भोक हा शब्द ऐकला तेव्हा तिच्या हातातली चाळणी थांबली. त्याने हे आपल्याला ऐकवण्यासाठीच म्हटलं, अशी तिची खात्री झाली. ही बाई साइटवर आहे, तेव्हा भोक उघडं ठेवायची सोय नाही. तिने मान खाली घातली आणि चाळणी पुन्हा हलवायला लागली.

तीन वर्षांपूर्वी मंठ्यात दोघं एका घराच्या वरच्या मजल्याचं काम करत होते. खालच्या घरात सगुणाबाई नावाची म्हातारी राहायची, तिचा मुलगा पुण्याला आणि सून नंदाबाई घरी. तिथेही स्लॅबमध्ये उजेडासाठी तीन बाय तीनचं भोक सोडलेलं होतं. त्यावर प्लायची फळी टाकलेली असायची. एप्रिलमधल्या एका सकाळी सगुणाबाई धुतलेले गहू वाळत घालायला वर गेल्या. चादर पसरली, गहू ओतले, आणि हाताने पसरवत मागे मागे सरकत गेल्या. भोकावर फळी नव्हती. त्या दहा फूट खाली बैठकीत पडल्या. खुबा मोडला, कंबर मोडली. त्यानंतर त्या कधी उभ्या राहिल्या नाहीत.

दैवशाला त्या वेळी खाली हौदावर पाणी भरत होती. आवाज ऐकून ती धावली. लोक जमले, कुणीतरी विचारलं, फळी कुणी काढली? सुग्रीव म्हणाला, “या बाईनं सकाळी फळ्या हलवल्या होत्या. सावलीत बसायला घेतली असंल.”

तिने सकाळी एक फळी हलवली होती, हे खरं होतं. माल कालवायला जागा व्हावी म्हणून जिन्याजवळची छोटी फळी तिने भिंतीला टेकवली होती. ती तसं सांगत होती, पण ऐकून घ्यायला कुणाला वेळ नव्हता, जीप आणायची होती. संध्याकाळपर्यंत सगळा मंठा तेच बोलत होता. तिला बारा-पंधरा जणांनी खोदून विचारलं, आणि पंधराव्या माणसाला उत्तर देताना तिला स्वतःलाच आठवेना की तिने छोटी फळी हलवली होती की मोठी. महिन्याभरात तिची खात्री झाली की मोठीच असणार. घरच्यांनी पोलिसांत तक्रार केली नाही. तिला मात्र मंठ्यात कुणी कामाला घेईना. तिचा नवरा पुंजाराम एकदा रागाच्या भरात म्हणाला, “तुझा हात लागंल तिथं वाटोळं.” पुढे दोघं अंबडला आले. त्याला जिनिंगवर रखवालदारी मिळाली, ती अड्ड्यावर उभी राहू लागली.

पण मंठा सोडण्याआधी आठ महिने ती रोज सगुणाबाईंकडे जात होती. सुरुवातीला नंदाबाईने तिला अंगणातूनच परत पाठवलं. मग एक दिवस खराब झालेल्या चादरींचं गाठोडं तिच्यासमोर टाकलं. दैवशालाने ते धुतलं. दुसऱ्या दिवशीही गेली. पुढे ती सगुणाबाईंचं अंग पुसायची, कूस बदलायची, केस विंचरून द्यायची. म्हातारी त्याबद्दल कधी काही बोलली नाही. शिवीही दिली नाही आणि माफही केलं नाही. नुसती बघत राहायची.

तेव्हापासून दैवशालाचा स्वतःवरचा भरवसा उडाला होता. गॅस बंद केला का, हे बघायला ती झोपेतून उठायची. कुलूप लावून अर्ध्या वाटेवरून परत यायची. साइटवर कुणी फळी हलवायला सांगितली की ती दोनदा विचारायची, “ही? हीच ना?”

कठड्याचं काम सुरू झालं. सुग्रीवने आखलेल्या चौकोनाभोवती वरचा कोबा फोडून स्लॅब उघडा केला. ड्रिलने छिद्रं पाडली, त्यांत केमिकल भरून सळ्यांचे तुकडे उभे केले, त्यांना आडव्या सळ्या तारेने बांधल्या. दोन्ही बाजूंनी फळ्या लावल्या. दैवशालाने बारीक खडीचा माल कालवून घमेल्याने दिला. तो ओतताना सुग्रीव सळईने प्रत्येक कोपरा कोचत होता, कुठे पोकळी राहू नये म्हणून. दोघांत कामापुरतंच बोलणं होत होतं. “माल घट्ट झाला.” “पाणी दे.” “पुरे.” दुपारी त्याने डबा जिन्यात खाल्ला, तिने पाण्याच्या टाकीच्या सावलीत.

दुसऱ्या दिवशी फळ्या काढल्या. करडा, सरळ, फूटभर उंच चौकोन गच्चीवर उभा राहिला. त्यावर बारदान गुंडाळून दैवशालाने पाणी मारलं. पुढचे आठ दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं काम तिच्याकडेच दिलं गेलं. राधाकिसनने एकदा विचारलं, “विसरणार नाही ना?” तिला दिवसभर ते लागून राहिलं. ती तीनदा येऊ लागली. फेब्रुवारीचं ऊन चढायला लागलं होतं, बारदान दुपारपर्यंत कोरडं पडायचं.

चौथ्या दिवशी सकाळी सुग्रीव कठडा बघायला आला. त्याने बारदान उचलून कोपऱ्यावर नख ओढून पाहिलं.

“बराबर पाणी मारलंस,” तो म्हणाला.

तिला ते कौतुक सहन झालं नाही. बादली खाली ठेवत ती म्हणाली, “मिस्त्री, एक सांगा. आधी कठडा, मंग भोक, हे माझ्यामुळंच ना? मी साइटवर हाय म्हणून?”

“न्हाई.”

“खरं सांगा. मला राग यायचा न्हाई. मला बी माझा भरवसा न्हाई.”

सुग्रीव कठड्यावर हात ठेवून बसला. खाली शिलाईचं मशीन चालू होतं, त्याचा आवाज जिन्यातून वर येत होता.

“मी मंठ्यानंतर असंच करून राह्यलो,” तो म्हणाला. “तू नसलीस तरी. दैवशालाबाई, ती फळी मी उचलली व्हती.”

“भोकावरची? तीच ना?”

“मागच्या छज्ज्याला एक फळी कमी पडली. माल कालवून ठेवलेला, घट्ट व्हायला लागला व्हता. म्हटलं पाच मिन्टात दुसरी टाकतो भोकावर. उचलून घेऊन गेल्तो. तितक्यात म्हातारी वर आली. मला म्हाईत न्हाई कवा आली. आवाज झाला तवा मी छज्ज्यावर व्हतो.”

“आन् माझं नाव?”

“तोंडातून गेलं. कुणीतरी विचारलं, आन् तू सकाळी एक फळी हलवलेली दिसली व्हती, तेच तोंडातून गेलं. मंग वापस घेता येईना. तू पण कबूल करायला लागलीस. मला वाटलं…” तो थांबला. “मला काय वाटलं, ते सांगून उपयोग न्हाई.”

दैवशालाने बादली उचलली आणि कठड्याच्या उरलेल्या बाजूला पाणी मारलं. तिचे हात चालत होते. त्या छोट्या फळीचा खडबडीत काठ, तिला लावलेला खिळा, भिंतीला टेकवताना बोटाला लागलेली कपची, सगळं तिला अचानक स्पष्ट आठवलं. तीन वर्षं ते आठवत नव्हतं. तिने रिकामी बादली जोरात आपटली. खाली मशीन थांबलं.

“मी आठ महिने त्या बाईचा मळ काढला,” ती म्हणाली. “माझ्या नवऱ्याचं बोलणं ऐकलं. आन् तू छज्ज्यावर व्हतास.”

आजवर त्याला ती अहोजाहो करायची. दोघांनाही तो बदल कळला.

“चल मंठ्याला. आत्ता.”

“काम अर्धं हाय. काच बसू दे. मंग म्हणशील तिथं येतो.”

“पळून जाशील.”

“जायचं असतं तर तुला कशाला सांगितलं असतं?”

“काच बसंल त्याच दिवशी,” ती म्हणाली. प्रेमला जिन्यातून डोकावली आणि दोघांची तोंडं बघून न विचारताच खाली गेली.

पुढचे चार दिवस दैवशालाने कठड्याला पाणी मारलं ते नुसतं कामाला बांधलेली म्हणून. रोज सकाळी ती अड्ड्यावर जाऊन सुग्रीव आलाय का ते बघून यायची. तो लांब उभा असायचा. तिला बघून तो मान हलवायचा, ती हलवायची नाही.

नवव्या दिवशी कापकाम झालं. खोलीत जॅक लावून वर फळ्यांचा माचा बांधला, म्हणजे कापलेला तुकडा खाली पडू नये. मशीन प्रेमलाने अंगणात नेलं होतं. कटर फिरला तसा गच्चीभर पांढरा चिखल झाला. चौकोनाचे चार तुकडे करून दोन माणसांनी उचलले, आणि मग कठड्याच्या आत नुसती पोकळी राहिली. सुग्रीवने लगेच वर जाळी टाकली, ती चारी बाजूंनी खिळवली, आणि मग घाम पुसला. दैवशाला ते सगळं जिन्याच्या दारातून बघत होती. ती त्या कठड्याजवळ गेली नाही.

त्याने आतल्या कडा गिलावा करून गुळगुळीत केल्या. बाहेरून, कठडा गच्चीला मिळतो तिथे, सिमेंटचा गोलसर उतार काढला, म्हणजे पाणी कोपऱ्यात बसणार नाही. पाणी न झिरपणारा लेप दोनदा लावला. मग अँगलची चौकट आली, खाली रबरी पट्टी, वर जाड काच. काच कठड्याच्या बाहेर दोन बोटं पुढे येत होती. राधाकिसनने त्यावर पाइपने पाणी सोडलं, अर्धा तास. प्रेमला खाली छताकडे बघत उभी राहिली. एक थेंब आला नाही. मशीन पुन्हा जागेवर आलं. तिने काळ्या कापडाची एक पट्टी सुईखाली धरली, दोरा ओवला, आणि ओठ घट्ट मिटून हसली.

“बाई, चहा घ्या,” ती दैवशालाला म्हणाली. “पाणी तुम्ही मारलंत म्हणून कठडा टिकला.”

“आम्हाला गाडी गाठायचीय,” दैवशाला म्हणाली.

जालन्याला गाडी बदलून ती दोघं दुपारी मंठ्यात उतरली. गाडीत ती पुढे बसली होती, तो मागे.

दार नंदाबाईने उघडलं. दैवशालाला बघून तिचा चेहरा मोकळा झाला आणि सुग्रीवला बघून पुन्हा आवळला. बैठकीतच बाज होती. छताला एक चौकोनी डाग दिसत होता, पुढे ते भोक स्लॅब ओतून बंद केलं होतं. सगुणाबाई त्याखालीच पडून होत्या. अंगाने अर्ध्या झाल्या होत्या.

सुग्रीव बाजेजवळ गेला. हात जोडले. “मावशी, त्या दिवशी फळी मी उचलली व्हती. या बाईनं न्हाई. मी खोटं बोललो.”

नंदाबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. म्हातारीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

“म्हाईत हाय मला,” सगुणाबाई म्हणाल्या.

आधी कुणाला कळलंच नाही, त्या काय म्हणाल्या ते.

“तू खांद्यावर फळी घेऊन मागं चालला व्हतास. म्या जिन्यातून बघितलं. कुठली फळी, ते तवा कळलं न्हाई. दवाखान्यात पडल्या पडल्या कळलं.”

“मंग बोलल्या का न्हाई?” दैवशालाने विचारलं. तिचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला.

सगुणाबाईंनी तोंड भिंतीकडे केलं. “नंदा शाळेत खिचडी शिजवायला जाती. पोरगा पुण्याला. दिवसभर मी अशी. तू यायचीस.” त्यांनी चादरीचं टोक मुठीत धरलं. “म्या बोलले असते तर तू कशाला आली असतीस?”

“आत्या!” नंदाबाई ओरडली. “मी हिला उंबऱ्याबाहेर ताट देत व्हते. कुत्र्यासारखं. आन् तुम्ही पडल्या पडल्या बघत व्हत्या?”

म्हातारी रडायला लागली, आवाज न करता. दैवशालाला वाटलं, आता आपण काहीतरी मोठ्याने बोलू, तीन वर्षांचं सगळं. पण समोर एवढीशी झालेली बाई होती, आणि बाजेवरची चादर ओली झालेली तिला आल्या आल्या दिसली होती. तिचा हात चादरीकडे गेलाही. तो तिने मागे घेतला.

“मावशी, मला वाटत व्हतं माझे हात वाईट,” एवढंच ती म्हणाली, आणि बाहेर पडली.

सुग्रीव तिच्या मागे स्टँडपर्यंत आला. “अजून काय करू, सांग,” तो म्हणाला.

“अड्ड्यावर सांग. सगळ्यांसमोर. मी तिथं असताना.”

दुसऱ्या सकाळी त्याने सांगितलं. चाळीसेक माणसं होती. दोन-तीन बाया दैवशालाजवळ येऊन उभ्या राहिल्या. एकजण हसला. बाकीच्यांनी ऐकलं आणि ट्रॅक्टर आला तसे त्याकडे धावले. काकासाहेबाने सुग्रीवला महिनाभर काम दिलं नाही, मग द्यायला लागला. कठडा चांगला बांधणारा दुसरा मिस्त्री त्याच्याकडे नव्हता. दैवशालाने त्याच्या हाताखाली पुन्हा काम केलं नाही. पुंजारामला तिने सांगितलं तेव्हा तो बराच वेळ विडीशी खेळत बसला. “मला काय म्हाईत?” म्हणाला, आणि त्या संध्याकाळी भाकरी स्वतः वाढून घेतली. त्याबद्दल तो पुन्हा बोलला नाही.

एप्रिलमध्ये नंदाबाईचा फोन आला. दैवशाला एका शाळेच्या साइटवर विटा भिजवत होती.

“आत्या जेवत न्हाईत,” नंदाबाई म्हणाली. “तुझं नाव घेतात. मी ये म्हणत न्हाई. मला तोंड न्हाई तसं म्हणायला. नुसतं सांगितलं.”

दैवशाला पाण्याच्या टाकीत बुडणाऱ्या विटांकडे बघत राहिली. विटेतून बुडबुडे वर येत होते. राग गेला नव्हता. रोज सकाळी उठल्यावर तो तिथेच असायचा. आणि त्याच्याबरोबर ती ओली चादरही दिसायची.

“सध्या काम चालू हाय,” ती म्हणाली. ते खरं होतं.

“हां, काम बघ तू.”

“बघते,” दैवशाला म्हणाली. काय बघते, ते तिने सांगितलं नाही, आणि नंदाबाईनेही विचारलं नाही. मग वरून कुणीतरी विटांसाठी हाक मारली.